अंड्यांच्या पेटीतलं लोखंड

भागीबाईंना अंडं कळायचं. आता यात काय मोठंसं, असं वाटेल कुणाला. पण नाशिकच्या त्या कॉलेजात, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत चांगली पाचसहा माणसं पीएच.डी. झालेली होती, आणि उबवणीच्या पेटीतलं अंडं जिवंत आहे की गेलं हे विचारायला ती सगळी यायची या मदतनीस बाईकडे. बाई अंडं उचलायच्या, मिटलेल्या पापणीला टेकवायच्या, घटकाभर थांबायच्या. "हाय, चाललंय त्याचं." किंवा "नाय ताई, निवलं ते." मग तुम्ही दिव्यासमोर धरून बघा नाहीतर नका बघू, बाई चुकायच्या नाहीत.

हे शिक्षण हरसूलकडच्या पाड्यावरचं. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायचं काम त्यांच्याकडे लहानपणापासून होतं. नवरा गेल्यावर त्या शहरात आल्या, पेठ रोडला खोली घेतली आणि इथे कंत्राटावर लागल्या. बारा वर्षं झाली, तरी कंत्राट दर अकरा महिन्यांनी नवं व्हायचं. त्यामुळे बाई कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत.

तृप्तीचा मात्र त्यांना लळा होता. ही पिंपळगावच्या द्राक्षबागाईतदाराची लेक, पीएच.डी.चं चौथं वर्ष. बागेत राबणाऱ्या बायांमध्ये पोटुश्याही असतात. द्राक्षावरचा एक फवारा अंगात गेला तर पोटातल्या जिवाचे डोळे नीट घडतात का, हा तिचा प्रश्न. बायांवर प्रयोग करता येत नाही, म्हणून कोंबडीची अंडी. चौथ्या दिवशी कवचाला खिडकी पाडली की लाल धाग्यांच्या जाळीत एवढंसं काळीज उडताना दिसतं आणि शेजारी डोळ्याचा काळा ठिपका. डोळा घडवणारा जीन तिथल्या पेशींत चालू झाला की नाही, हे ती रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. उबवणीच्या पेट्या दोन ठेवल्या होत्या. एकीत साधी अंडी, दुसरीत फवाऱ्याचा थेंब दिलेली.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला तो गडगडाट घेऊनच. अंडी मांडून दोनच दिवस झाले होते. पाड्यावर आभाळ गरजायला लागलं की अंड्यांच्या पाटीत लोखंडाचा तुकडा ठेवतात, नाहीतर गडगडाटानं आतला जीव दचकतो म्हणतात. भागीबाईंच्या कनवटीला सासूनं दिलेलं विळ्याचं तुटकं टोक कायम असायचं. तुकडा एकच आणि पेट्या दोन. त्यांनी तो फवाऱ्याच्या पेटीत सरकवला. ती बिचारी आधीच औषध प्यायलेली, त्यांना जास्त गरज, एवढाच विचार. दार लावलं आणि घरी गेल्या.

दोन दिवसांनी सकाळी त्यांनी सवयीनं एक अंडं पापणीला लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. एवढी ऊब कुठल्या कोंबडीच्या पोटाखाली नसते. वाकून बघतात तर तापमान मोजणारी तार विळ्याच्या धक्क्यानं ओलाव्यासाठी आत ठेवलेल्या पाण्याच्या वाटीत पडलेली. पाणी थंड, म्हणून यंत्राला पेटी थंड वाटली आणि ते तापवतच राहिलं. वरचा आकडा बरोबरच दिसत होता, म्हणून कुणाला शंका आली नाही. बाईंनी तार जागेवर ठेवली, लोखंड कनवटीला लावलं आणि फडकं घेऊन फरशी पुसायला लागल्या. कंत्राट डिसेंबरात संपणार होतं.

दुपारी तृप्तीनं खिडक्या पाडल्या. साध्या पेटीतले डोळे ठसठशीत. फवाऱ्याच्या पेटीत अर्ध्याहून जास्त डोळे बारीक, काहींचा तर ठिपकाच नाही. जीन पार गप्प. तिचे मार्गदर्शक सर धावत आले, पाठ थोपटली, पुण्याच्या परिषदेला पाठवू म्हणाले. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. चार वर्षांत पहिल्यांदा काहीतरी हाती लागलं होतं. तिनं पेढे आणले आणि पहिला बाईंच्या हातावर ठेवला.

तो पेढा काही बाईंना खाववेना. पदरात बांधून घरी नेला, सकाळी तसाच परत आणला. रात्रभर एकच गोष्ट डोक्यात होती: पोरगी उद्या शंभर लोकांपुढे उभी राहून हे सांगणार, आणि ते माझ्या विळ्यानं केलेलं असणार.

"ताई," त्या म्हणाल्या, "ते फवाऱ्यानं नाय झालं. माझ्यानं झालं." आणि विळ्याचं टोक, पेढा, दोन्ही टेबलावर ठेवून सगळं सांगितलं.

तृप्तीनं ते टोक उचलून उलटसुलट पाहिलं. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही आधी का नाही बोललात हो?" आणि बाहेर निघून गेली. तीन दिवस तिनं बाईंना हाक मारली नाही. बाईंनी गावी निरोप धाडून ठेवला, बहुतेक परत येते म्हणून.

चौथ्या दिवशी तृप्ती नवी अंडी घेऊन आली. नोंदवहीत तिनं झालं ते सगळं लिहिलं होतं, ते वाचून दाखवलं. शेवटची ओळ होती: पेटी वेगळ्या तापमापीनं रोज तपासायची जबाबदारी माझी होती, मी तपासली नाही. सरांची सही खाली होती. सर चिडले होते, पण कंत्राटाचं काही निघालं नाही.

दुसऱ्या खेपेला दोन्ही पेट्यांतले डोळे सारखेच ठसठशीत निघाले. पुण्याची परिषद हुकली. तृप्ती ढसाढसा रडली, बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "एका खेपेवर नाही भागत मावशी, अजून दोनदा करायचं," ती नाक पुसत म्हणाली.

तिसऱ्या खेपेची अंडी मांडली आणि संध्याकाळी पुन्हा आभाळ गरजलं. बाईंचा हात कनवटीला गेला आणि तिथेच थांबला.

"आत नको," तृप्ती सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलता म्हणाली. "बाहेर प्रयोगशाळेच्या दाराच्या कडीला बांधा. एकाच पेटीला का म्हणून? दोघींना सारखं मिळू दे."

बाईंनी पदराची चिंधी फाडली आणि लोखंड कडीला घट्ट बांधलं.