भेगांचा उपयोग काय?

आमचे सर उन्हाळ्यात जमिनीला पडणाऱ्या भेगा मोजायचे. परभणीच्या एका कॉलेजात ते शिकवत होते आणि मी त्यांच्या प्रकल्पावर सहायक म्हणून कामाला होते. सरकारी निधीवर चालणारा प्रकल्प होता. काळी जमीन किती खोल उलते, पाऊस पडल्यावर कशी मिटते, आणि भेगा मिटायच्या आत त्यांतून किती पाणी खाली जातं, एवढंच बघायचं होतं. कुणी विचारलं की मी हे सांगायची, आणि समोरचा माणूस पुढचं काहीतरी ऐकायला थांबून राहायचा. पुढचं काही नसायचं.

जमीन माझ्या चुलतीची होती, चुडाव्याजवळ. काकूला थोडंसंच रान. पावसाळ्यात सोयाबीन घ्यायचं आणि दसरा-दिवाळी झाली की चुलत्याबरोबर ऊसतोडीला जायचं, असं तिचं वर्ष. सरांना न नांगरलेला एक पट्टा हवा होता, कायमचा तसाच ठेवायला. बाकी कुणी तयार होईना. काकू म्हणाली, "घ्या की. कडंला हाय तो, तसंबी तिथं काय पिकायलंय!" त्याबद्दल तिनं कधी काही मागितलं नाही.

तोडीवरून परतली की ती पट्ट्यावर यायची. सर गुडघे टेकून भेगेत बारीक सळई सोडत असायचे. भर उन्हात डोक्याला उपरणं गुंडाळलेला तो म्हातारपणाकडं झुकलेला माणूस बघून तिला आधी हसू यायचं, नंतर काळजी वाटायला लागली. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि ताक घेऊन ती बांधावर बसायची. "सर, सावलीला या. भेग कुटं पळून जायली का?" सर यायचे. त्यांना साखरेचा आजार होता, म्हणून ती त्यांच्या ताकात साखर घालायची नाही, आणि हे तिला पुन्हा सांगावं लागलं नव्हतं, एकदा ऐकून ठेवलं होतं. सर तिला ताई म्हणायचे. कामाबद्दल ते घरी किंवा कॉलेजात फारसं बोलत नसत. बांधावर मात्र बोलायचे.

प्रकल्पाची मुदत संपत आली तेव्हा निधी देणाऱ्या संस्थेनं नवा नियम आणला. यापुढं प्रत्येक संशोधन समाजाला त्याचा काय फायदा झाला यावर तपासलं जाणार होतं. कागदावरचं न मानता समितीची माणसं गावात येऊन लोकांनाच विचारणार होती. मला हे पटलं होतं, अजूनही पटतं. लोकांचा पैसा लागतो तर लोकांना विचारलंच पाहिजे.

समिती आली. शाळेच्या एका खोलीत सतरंजी टाकली होती. दोन पुरुष आणि एक बाई, बाई प्रमुख. त्या चांगल्या होत्या, हे मुद्दाम सांगते. खुर्ची बाजूला सारून त्या बायकांमध्ये खाली बसल्या आणि सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं. पण गावातली माणसं एकमेकांकडं बघत राहिली. सर चांगले आहेत, येताना पोरांना गोळ्या आणतात, यापलीकडं कुणाला काही सांगता येईना.

तेवढ्यात काकू उठली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "लय फायदा झाला, मॅडम. सरांनी सांगितलं तसं केलं अन् आमच्या हिरीला पाणी वाढलं. सोयाबीन दुप्पट झालं."

बाईंचा चेहरा खुलला. शेजारचा माणूस लिहून घ्यायला लागला. मी खाली बघत राहिले.

"नाही," सर म्हणाले. "विहिरीचं पाणी नाल्यावरच्या बंधाऱ्यानं वाढलंय. माझ्या कामाचा त्याच्याशी संबंध नाही. मी ताईंना शेतीबद्दल कधी काही सांगितलेलं नाही."

बाईंनी हळूच विचारलं, "मग सर, तुमच्या कामातून लोकांना काय मिळालं, असं लिहू?"

"आज काही नाही. अजून बरीच वर्षं मोजलं तर जमिनीत पाणी मुरण्यात काय बदल होतोय ते कळेल. त्याचा उपयोग होईल असं मला वाटतं. पण होईलच, असं कसं सांगू?"

काकू अजून उभीच होती. तिचा चेहरा उतरला होता, तरी ती बोलली. "मॅडम, हा पैसा सरकारचा म्हंजी आमचाच ना? आमाला काय वाटतं तेच इचारायला आलाव ना तुमी? मग आमी सांगतो, द्या त्यांना. फायदा झाला तर झाला, न्हाई झाला तर न्हाई."

बाईंनी हातातला फॉर्म वरपासून खालपर्यंत बघितला. "तुमचं खरं आहे," त्या म्हणाल्या, "पण हे लिहायला माझ्याकडं जागा नाही."

गाडी गेल्यावर सर काकूजवळ आले. "ताई, खोटं बोलायला नको होतं."

"मी काय माझ्या घरासाठी बोलले?" ती म्हणाली. "तुमी मला चार माणसांत खोटं पाडलं. गप बसला असता तर काय बिघडलं असतं?"

ती घराकडं निघून गेली.

पुढचा निधी मंजूर झाला नाही. पाणी मोजायला पट्ट्यात पुरलेले नळ आणि तारा आम्ही उपटून काढल्या तेव्हा काकू घरातच होती. सरांनी दारात जाऊन हाक मारली. ती आतून म्हणाली, "कामात हाय." मी आत गेले तर ती चुलीपुढं नुसतीच बसलेली होती.

तोडीचा हंगाम सुरू झाला आणि ती गेली. त्यानंतर एकदा सर एकटेच चुडाव्याला आले होते, हे मला शेजारणीकडून कळलं. घराला कुलूप होतं. थोडा वेळ ओट्यावर बसले आणि स्टेशनकडं परत गेले. त्याच थंडीत सर गेले, झोपेतच. मी काकूला फोन केला. पलीकडून कोयत्यांचे आवाज येत होते. "बरं," एवढंच म्हणाली आणि फोन चालूच ठेवला. मी किती तरी वेळ ते आवाज ऐकत होते.

तोडीवरून आल्याबरोबर ती मला घेऊन परभणीला गेली. सरांच्या बायकोनं दार उघडलं. काकूनं ओळख सांगितली तशी त्या म्हणाल्या, "चुडाव्याच्या ताई ना? तुमची आठवण काढायचे ते."

"घरी आले व्हते म्हणं. मी नव्हते." काकू पदराशी चाळा करत राहिली. "असते तर बोलले असते, बाई. एवढा काय राग न्हवता. दोन दिसाचा असतो तसा व्हता."

चहा झाला. मग सरांच्या बायकोनं विचारलं, "त्यांचं काम नेमकं काय होतं हो? इतकी वर्षं संसार केला, पण मला ते कधी नीट कळलं नाही. विचारलं की म्हणायचे, तुला कंटाळा येईल."

काकूनं माझ्याकडं बघितलं. मी बोलणार होते, पण तीच बोलली. "उन्हाळ्यात जमीन उलती का न्हाई, ते बगायचे. किती खोल गेली, सळई घालून बगायचे."

"आणि मग?"

"मग पाऊस आला की मिटती ती. कशी मिटती, ते बी बगायचे. भिजत उभं ऱ्हायचे, छत्री धरायचे न्हाईत. मी वरडायची."

"तुम्ही ओरडायचा?"

"तर! साखरेचं माणूस, आजारी पडले तर? ऐकायचे न्हाईत. 'ताई, बगा, आत्ता मिटली,' म्हणायचे. लेकरागत."

सरांची बायको पदर तोंडाला लावून रडायला लागली. काकू उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दोघींची ती पहिलीच भेट होती.

मी आता पूर्णेला एका खाजगी शाळेत शिकवते. काकूनं त्या पावसाळ्यात पट्टाही पेरून टाकला. मोकळा बघवत नाही म्हणाली.