उघडी टाकी, बंद टाकी आणि तात्या

मांडवीच्या खाऱ्या हवेत माझ्या दुकानातल्या रॅकवर गंज चढतो, किश्शांवर मात्र चढत नाही. आम्ही सोलर हीटर विकतो, पण जुनी गिऱ्हाइकं आली की विषय निघतो तो तात्यांचा! तात्या आमचे शेजारी, रिटायर्ड. सकाळचा चहा झाला की दुकानातल्या खुर्चीत येऊन बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट सल्ले द्यायचे. तात्या गेले, खुर्ची अजून आहे.

*

गिऱ्हाईक विचारायचं, "टाकी उघडी घेऊ की बंद?"

मी समजवायचो, उघडीला वर हवेचा पाईप असतो, पाणी उताराने सावकाश येतं. बंद टाकी पंपावरची, शॉवरला जोरदार प्रेशर.

मध्येच तात्या, "उघडी घे रे! जिला श्वास घेता येत नाही, तिचा भरवसा काय?"

झालं! महागातली बंद टाकी गोडाऊनमध्येच.

*

दुबईहून आलेल्या हमीदने मात्र हट्टाने बंद टाकी बसवून घेतली. त्याला हॉटेलसारखं प्रेशर हवं होतं. पहिल्याच दिवशी त्याची अम्मी न्हाणीतून ओरडली, "अरे, आंग धुवायचा का सोलायचा?"

त्या अजून बादलीच भरून घेतात.

*

आंजर्ल्याच्या एका अण्णांनी तर कमाल केली! उघड्या टाकीच्या पाईपातून वाफ फुकट जाते म्हणून त्यात नारळाचं सोडण, वरची काथ्याची साल, ठासून बसवलं. खाली नळ सोडल्यावर वरून हवा येईना आणि टाकी आत चेपली. आमचा फिटर सलीम वर चढला आणि म्हणाला, "टाकीनं पोट आत घेतलंन!"

तात्या आठवडाभर खूश होते.

*

तात्यांच्या स्वतःच्या घरी मात्र तांब्याचा बंब. पहाटे उठून त्यात करवंट्या घालायच्या आणि पाणी तापलं की हाक मारायची, "पाणी तापलंय, उठा!" तात्यांच्या पत्नी माई होत्या, मुलं होती, तेव्हा त्या हाकेवर अख्खं घर हलायचं. शेजारी आम्हीही त्यावरच उठायचो. काय सकाळी होत्या त्या!

पुढे तात्यांचा खोकला वाढला. डॉक्टरांनी धूर बंद करायला सांगितलं. सून सोलर बघायला दुकानात आली, तेव्हा तात्या मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बंब काढलास तर मी सकाळी उठू कशाला रे?"

मी सलीमला बोलावून घेतलं.

शेवटी उघडी टाकी बसवली. सलीमने गरम पाण्याचा कॉक खाली पडवीत, बंबाच्या जागी आणला. तात्या उघडतील तेव्हाच न्हाणीत गरम पाणी!

*

त्या श्रावणात आठवडाभर ऊन नव्हतं, त्यात लाईटही गेलेली, म्हणजे टाकीतला विजेचा हीटरही बंद. सकाळी मी काळजीने बघायला गेलो. तात्या कॉकजवळ स्टुलावर बसले होते. त्यांनी कॉक फिरवला आणि ऐटीत हाक मारली, "पाणी तापलंय, उठा!"

मी त्याच पाईपवरच्या पडवीतल्या नळाखाली हात धरला. बर्फ!

थोड्या वेळाने सून न्हाणीतून बाहेर आली. दातावर दात आपटत होते.

"तात्या," ती मोठ्याने म्हणाली, "आज फारच कढत होतं हो! गार पाण्याचं विसण घ्यावं लागलं!"