दोशाच्या पिठाचा राजा

तंजावुरात कुणाच्या घरी नवा टीव्ही आला की त्या घरच्या माणसांपेक्षाही जास्त आनंद एकाच माणसाला होत असे, माझ्या लेकीच्या ड्रॉइंग मास्तरांना. टीव्हीकडे ते ढुंकूनही पाहत नसत. त्यांचा सगळा जीव खोक्यात आणि खोक्यातल्या पांढऱ्या थर्माकोलमध्ये. त्या वर्षांत गावात रोज काहीतरी नवं उतरत होतं, आज कुणाकडे फ्रिज, उद्या कुणाकडे वॉशिंग मशीन, आणि मास्तर सायकलवरून गल्लोगल्ली त्याचा माग काढत. आमच्या शेजारी कलर टीव्हीला कुंकू लावून आरती चालली होती, तेव्हा मास्तर दारात हात जोडून उभे राहिले. माणूस मोठा भाविक, असं सगळ्यांना वाटलं. आरती संपताच ते म्हणाले, "अण्णा, खोकं जाळू नका हं!"

आमच्या घरातल्या नारळाच्या करवंट्या, फुटक्या बांगड्या, बरण्यांची झाकणं, सगळं लेकीच्या दप्तरातून हायस्कूलच्या चित्रकलेच्या खोलीत गेलं. ते परत आलं ते मोर होऊन, मुखवटा होऊन, एकदा तर चक्क कावेरीतलं कासव होऊन. दुकानातून आणलेलं सामान मास्तरांना चालत नसे. आणि कुणाचंही चित्र त्यांनी कधी वाईट म्हटलं नाही. "अजून व्हायचंय," एवढंच म्हणत. सकाळी मी दारात पिठाच्या रांगोळीचा कोलम काढला की बाकीचे सायकलवाले त्यावरून चाक नेत; मास्तर उतरून सायकल उचलून कडेने जात. एकदा थांबून म्हणाले, "अक्का, ही वेल इथे वळवायचं कसं सुचलं?" मी पिठाची वाटी तिथेच टाकून घरात पळाले. परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते.

त्या वर्षी शाळेत बातमी पसरली की चित्रकलेची खोली जाणार आणि तिथे कॉम्प्युटर येणार. शाळा ज्यांच्या मालकीची, ते करस्पाँडंट मुलांच्या कामाचं प्रदर्शन पाहून काय ते ठरवणार होते. लेक दोन दिवस जेवली नाही. मास्तर मात्र पेटलेच. "असा राजा करू," ते मुलांना म्हणाले, "की कितीही ढकला, उठून बसेल!" तंजावूरची ती ढकललं तरी उठून बसणारी बाहुली तळहातावर मावणारी असते, मास्तरांना हवी होती दहा वर्षांच्या पोराएवढी. बुडाशी मातीचा जड गोळा आणि वर कागदाच्या लगद्याचा पगडीवाला मराठा राजा.

लगदा वाटायला दगड हवा होता. घरात ग्राइंडर आल्यापासून आमचं दगडी रगडं परसात पडून होतं, ते लेकीने मास्तरांना सांगितलंच असणार. मग वर्गातल्या जुन्या उत्तरपत्रिका भिजून माझ्याकडे आल्या. कीड लागू नये म्हणून त्यात मेथी घालायची होती. मी परसात लगदा वाटला, आत ग्राइंडरमध्ये दोशाचं पीठ वाटलं. त्यातही मेथीच. दोन सारखी पातेली, सारखी झाकणं, शेजारी शेजारी.

सकाळी लेक पातेलं घेऊन गेली आणि मी तव्यावर दोसा घातला. तो पसरेना, सुटेना. खरवडून खरवडून एक तुकडा निघाला तो यांच्या ताटात पडला. यांनी तो उजेडात धरला. त्यावर लाल शाईचं वाटोळं चिन्ह होतं.

"अगं," हे म्हणाले, "दोशाला शून्य मार्क कुणी दिले?"

पातेल्यांची अदलाबदल झाली होती. प्रदर्शन परवावर आलेलं! पातेलं कमरेवर घेतलं आणि निघाले, वाटेत कोण भेटलं, काय बोललं, आठवत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली. हायस्कूलच्या फाटकातून आत कधी गेले नव्हते.

खोलीबाहेर उन्हात साचा ठेवलेला आणि भोवती मुलांची ही गर्दी. राजाचे गाल फुगून साच्याबाहेर आले होते, नाकातून फेस येत होता. मास्तर दोन्ही हात डोक्यावर ठेवून नाचत होते.

"काय लगदा! असा मऊ लगदा जन्मात पाहिला नाही! अय्यो, बघा रे, राजा श्वास घेतोय!"

"सार," लेक रडवेली होऊन म्हणाली, "आंबट वास येतोय."

मी गर्दीच्या कडेला थबकले. पातेलं नुसतंच पुढे केलं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, पातेल्यात पाहिलं, राजाकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटले. मग वर्गात उशिरा आलेल्या पोरीला म्हणावं तसं म्हणाले, "या, या. हजेरी होऊन गेली. बसा तिथे."

पोरं हसली, सरकली, आणि मी बसले. साचा धुऊन संध्याकाळपर्यंत आम्ही लगदा दाबत राहिलो. एक पोरगा ओरडला, "अक्का, पगडीला वेल तुमच्या कोलमातली!" मी चक्क काढली.

राजाचे दोन भाग जोडण्याआधी मास्तरांची एक रीत होती. प्रत्येकाने आत ओल्या लगद्यात अंगठा दाबायचा. माझी पाळी आली तशी मी हात मागे घेतला. त्या दिवशीचं माझं पहिलं वाक्य तेच. "मला सही येते."

"सही काय, हेडमास्तरही करतात," मास्तर म्हणाले. "अंगठा दाबा, अक्का. तसा दुसऱ्या कुणाचा नाही."

प्रदर्शनात करस्पाँडंटनी राजाला ढकललं. तो आडवा झाला आणि डुलत उठला. त्यांनी पुन्हा ढकललं. लहान मुलासारखे हसले, मास्तरांची पाठ थोपटली, आणि आठवड्याने खोली कॉम्प्युटरला दिली.

चित्रकलेचा वर्ग सायकलींच्या शेडमध्ये गेला. लेक फणफणत घरी आली, पण मास्तर म्हणे पहिल्याच दिवशी ओरडले, "भिंतीच नाहीत! किती हा उजेड!" आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरची खोकी मागायला हजर.

आता ते रिटायर होऊन मुलाकडे पापनाशमला गेलेत. राजा कॉम्प्युटरच्या खोलीच्या दाराशी उभा असतो. लेकीच्या फीसाठी शाळेत गेले की आसपास कुणी नाही असं पाहून मी त्याला हळूच ढकलते. तो वाकतो, डुलतो, उठतो. पोटात माझा अंगठा घेऊन.