तीनदा बोलावणारी तबकडी

मी कलकत्त्याला निघालो तेव्हा कासार आंबोलीच्या आमच्या घरात फोनो वाजत होता. मामानं दिलेला फोनो आणि एकुलती एक तबकडी. तिच्यातली गवळण कृष्णाला हाक मारते, 'ये माघारी'. नेमका तिथंच ओरखडा. सुई अडकायची, हाक तीनदा यायची, मग बापू, माझे वडील, फोनोच्या पेटीवर थाप मारायचे आणि गाणं पुढं सरकायचं. भजनातसुद्धा सगळा गाव ते तीनदाच म्हणायचा, वर मृदंगावर एक थाप. आई डोळे पुसता पुसता हसली, "बग, ती बी बोलावतीया."

इथं मी तबकड्यांच्याच कारखान्यात लागलो. शेजाऱ्यांना दादा म्हणू लागलो, मोहरीच्या तेलातला मासा गोड लागू लागला. एकदा आमच्या गाण्याची नवीकोरी तबकडी हाती आली. हाक एकदाच आली आणि गाणं सरळ पुढं गेलं. माझा हात मात्र थाप मारायला उठला होता.

सुट्टीत ती मोठ्या ऐटीत गावी नेली. ऐकायला ओटीभर माणसं जमली. गाणं संपलं तरी माणसं पुढच्या हाकेची वाट बघत बसली. शेवटी बापू म्हणाले, "हिनं येकदाच बोलावलं. येकदा बोलावून कोन येतंय व्हय?" आईनं तर तबकडीच्या मधल्या भोकात चिंधी कोंबून ती ताकाच्या मडक्यावर झाकण म्हणून ठेवली! त्यानंतर काही ना काही आडवं येत गेलं, आणि गावी जाणं झालंच नाही.

परवा इथल्या वर्तमानपत्रानं आजवरच्या थोर तबकड्यांची क्रमवारी छापली. कँटीनमध्ये चहा थंड झाला, माणसं तापली. पहिली ती पाचवी कशी, पाचवी आलीच कशी! शेजारच्या यंत्रावरच्या बंकूदांनी मला विचारलं, "तुमची पहिली कोणती?" मी सांगितली, ओरखड्यासकट.

"अरे, ती तर आपण तपासणीतच बाद करू!"

"करू," मी म्हणालो. पण जीव तुटला.

रविवारी घरी तेच गाणं लावलं, तसलीच नवीकोरी तबकडी. आंबोली कधी न पाहिलेली माझी लेक सोबत गाऊ लागली, माझ्या तोंडून शिकली तशी. तिची तिसरी हाक होईस्तोवर गवळण पार पुढं निघून गेली होती. पोरीनं रागानं पेटीवर थाप मारली.

"बाबा, हिला गाणं येतच नाही!"

बायको आणि मी पोट धरधरून हसलो. मग डोळे पुसले आणि तिकिटं काढायला निघालो. तीनदा बोलावल्यावर जायला नको?