पुरुष संघाची साखळी प्रार्थना

आमच्या परळच्या चर्चमधल्या पुरुषांनी देवाशी बोलायचं काम फार पूर्वीच बायकांवर सोपवून टाकलं होतं. महिला मंडळाची प्रार्थना सुरू झाली की ती लवकर आटपायची नाही, आणि आम्ही पुरुष तेवढ्यात खुर्च्या लावणं, माइक तपासणं, वड्यांची ऑर्डर देणं अशी देवाची अवजड कामं उरकायचो. नवे पाळकसाहेब आले आणि त्यांना हे बघवेना. पुरुषांनीही ख्रिस्ताचे शिष्य व्हायला हवं, असं म्हणत त्यांनी शनिवारी संध्याकाळी पुरुष संघ भरवायला सुरुवात केली.

शास्त्रपाठापर्यंत सगळं ठीक चालायचं. माना डोलवायला आम्ही तयारच होतो. शेवटी मात्र साखळी प्रार्थना असायची. गोल उभं राहायचं, हात धरायचे, डोळे मिटायचे आणि एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची. ज्याला जमणार नाही त्याने शेजाऱ्याचा हात हलकेच दाबायचा, म्हणजे पाळी पुढे जाते. ही सवलत पाळकसाहेबांनी मोठ्या मनाने दिली आणि तिथेच फसले. पहिल्याच शनिवारी त्यांची प्रार्थना संपली, हातदाबणी त्यांच्या डावीकडून निघाली आणि सगळ्या गोलाला वळसा घालून क्षणात उजवीकडून त्यांच्याच हातात परत आली. बिचाऱ्यांनी पुन्हा प्रार्थना केली. पुन्हा तेच. पुढच्या शनिवारी सवलत रद्द झाली.

मग आम्हाला बोलावं लागलं. आमचे सेक्रेटरी देवालाच सूचना वाचून दाखवू लागले. "हे प्रभू, येत्या रविवारी उपासनेनंतर प्रीतिभोजन आहे आणि प्रत्येकाने आपापलं ताट घेऊन यायचं आहे, हे तू जाणतोस." एकाने आपल्या बिल्डिंगची बंद लिफ्ट देवाच्या चरणी ठेवली आणि वरच्या मजल्यावरच्यांसाठी सुबुद्धी मागितली. मी पाळकसाहेबांचीच वाक्यं थोडी मागेपुढे करून त्यांना परत करायचो.

माझ्या शेजारी उभा असायचा तो माझा लालबागच्या चाळीतला लहानपणापासूनचा दोस्त. निवृत्त बस कंडक्टर. भरलेल्या गाडीत "पुढे सरका" म्हणून जन्मभर ओरडलेला हा माणूस, पण प्रार्थनेची पाळी आली की त्याला हमखास ठसका लागायचा. मी त्याची भरपूर टिंगल केली. एकदा बाहेर चहा पिताना त्याने मला गप्प केलं.

"पोरीचं लग्न आलंय रे," तो म्हणाला. "घरातून चर्चला निघताना प्रार्थना करायला लागते. पोरीची आई होती तेव्हा घरातलं हे सगळं तीच बघायची. ती गेल्यापासून आमच्या घरात मोठ्याने प्रार्थनाच झाली नाय. मी पोरीला बोललो, पाळकसाहेबांना सांगू या. तर बोलते, पप्पा, तुम्हीच करायची, नायतर कोणीच नको."

"मग कर की."

"काय बोलू? ती प्रार्थना करायची तेव्हा मी नुसता डोळे मिटून उभा राहायचो. पोरीच्या आयुष्याचा दिवस आहे आणि मी तिथे खोकत बसू?"

मला त्याची दया आली, पण गंमत करायची संधीही सोडवेना. त्याला घेऊन मी वरळीच्या समुद्रावर गेलो आणि माझे इयरफोन त्याच्या कानात खुपसले. म्हटलं, "आता खुशाल बोल. लोकांना वाटेल फोन आलाय."

त्याने घसा साफ केला. "हॅलो. हां देवा, मी बोलतोय. लालबागवरून." मी कठड्याला धरून हसत सुटलो. तो मात्र थांबला नाही. आधी हवापाण्याचं बोलला, मग हळूहळू आवाज चढला. "तुला एवढी काय घाई होती रे तिला न्यायची? पोरीचं लग्न तरी बघू द्यायचं होतंस!"

माझं हसू तिथेच विरलं. मला फार वाईट वाटलं. शेंगदाणेवाला माझ्याजवळ सरकून म्हणाला, "साहब का घर में झगड़ा चल रहा है क्या?"

"हां," मी म्हटलं, "बड़े साहब के साथ."

पाळकसाहेबांना हे कळलं तेव्हा आता आपली खैर नाही असं मला वाटलं. ते फक्त म्हणाले, "एकदा मलाही न्या तिकडे."

लग्नाच्या दिवशी त्याची खोली गच्च भरली होती आणि उरलेले पाहुणे गॅलरीत उभे होते. पांढऱ्या साडीतली मुलगी त्याच्यासमोर मान खाली घालून उभी राहिली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि तो गप्पच राहिला. न राहवून एका आत्याबाईंनी स्वतःच सुरुवात करायला तोंड उघडलं, पण पाळकसाहेबांनी त्यांना हाताने थांबवलं.

"देवा," तो एकदाचा बोलला, "ही माझी पोरगी. हिच्या आईने तुला सगळं नीट सांगितलं असतं. मला तसं येत नाय. हिला भूक लागली की ही चिडते, पण भूक लागलीय असं कधी सांगत नाय. तिकडे सासरी हे कोणाला ठाऊक नाय. तू जरा लक्ष ठेव."

सगळे माना खाली घालून थांबले होते. खाली गाडीवाल्याने हॉर्न दिला.

"पप्पा," मुलगी हळूच म्हणाली, "आमेन म्हणा ना."

"म्हणतो गं," तो डोळे न उघडताच म्हणाला. "म्हटलं की तू निघशील."