तोंडापुढची वही

डब्यात तूर ओतताना मला अकोल्यातली एक दुपार आठवते. तेव्हा दर्यापूरजवळच्या आमच्या वावरात झेंडू होता, आई बाजारात हार विकायची, आणि पाच वर्षांची धाकटी बहीण ‘क’च्या जागी ‘त’ म्हणायची. गल्लीतली पोरं तिची नक्कल करत, म्हणून तिनं बोलणंच सोडलं होतं. अंगारे, ताईत सगळं करून झालं होतं, त्यामुळे तिला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं तरी तिथल्या वाचा-उपचार करणाऱ्या मॅडमवरही आमचा भरवसा नव्हता. मॅडमनी बहिणीपुढे तुरीचे दाणे आणि वाटी ठेवली, स्वतःच्या तोंडापुढे वही धरली आणि वहीआडून काहीतरी म्हणू लागल्या. आई माझ्या कानाशी लागली. “तोंड लपवून काहून पुटपुटून राहिली वं हे? मंतर तं नाही?” घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, मला कोण फसवणार? मी उठून वहीच ओढली. मॅडम हसल्या. “घे, तूच बोल. ओठ दिसू देऊ नको. ‘क’ ऐकला तरच ती वाटीत दाणा टाकेल. आधी कानाला फरक कळू दे, मग जीभ शिकवू.” मी मुद्दाम म्हटलं, “तावळा.” बहीण जागची हलली नाही. “कावळा.” टण्ण! “तांदा.” ती मान हलवत खुदकन हसली. आईनं डोळ्याला पदर लावला. “म्हंजे पोरीले सारं समजते! आमीच तिले येडी समजून राहिलो होतो.” मी आज पदवीधर आहे, पण त्या दिवशी शहाणपण माझं नव्हतं, हे कबूल करते. सहा महिने आम्ही एसटीनं अकोल्याच्या फेऱ्या केल्या, आणि पहिलीच्या वर्गात बहिणीनं उभं राहून आपलं नाव, गाव स्पष्ट सांगितलं.