बहिणीचं रक्त

सोलापुरात मानसिक आजारांच्या एका दवाखान्यात मी रक्ताचे नमुने घेते. भास होणाऱ्या रुग्णांच्या रक्तपेशींत डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्या काही खुणा सापडतात का, हे आमचे डॉक्टर तपासत होते. तुलनेसाठी त्यांच्या निरोगी भावाबहिणींचं, मुलांचंही रक्त लागायचं.

मोडनिंबहून एक बाई धाकट्या भावाला घेऊन आली होती. मी सुई टोचली तेव्हा ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग मी विचारलं, "ताई, तुमचंही थोडं देता का?"

तिनं झटकन हात पदराखाली घेतला.

"माज्यात बी तसलंच घावलं तर? त्याला बी पयलं काय नव्हतं की. आता मला कुनी हाक मारली तरी भ्या वाटतं, खरंच कुनी हाय का न्हाय."

"यावरून आजार ठरत नाही ताई, हे नुसतं संशोधन आहे."

तिनं एकदा दाराकडे पाहिलं. शेवटी भावाशेजारी बसली आणि हात पुढे करून तिनं डोळे मिटले.

"घ्या. पन काय कळलं तर मला सांगू नगा."

मी नळीवर तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. माझ्या आईला हाच आजार होता. स्वतःच्या रक्ताची नळी मी अजून भरलेली नाही.